सोललेली भिंत

पेलहॅम लँडिंग, आयोवा
६ मे १९८५

प्रिय डार्लिस,

तुझी आत्या जिवंत आहे आणि अजून बहिरीच आहे, तेव्हा फोनवर पैसे उधळू नकोस. काल शेजारीण धावत आली आणि तुमचा फोन केव्हाचा वाजतोय असं हातवारे करून सांगू लागली. मी उचलला, "सगळं ठीक आहे!" असं ओरडले आणि ठेवून दिला. पलीकडे तूच होतीस ना? नसलीस तर कोणाला तरी उगाच दिलासा मिळाला असेल.

सगळं ठीक नाही. नगर परिषदेच्या बैठकीला मी आणि लिओटा पहिल्या रांगेत बसलो होतो. महापौरांच्या मिशा ओठांवर येतात, त्यामुळे वाचायला त्रास होतो, पण 'पाडा' हा शब्द मिशांतूनही दिसतो. ऑक्टोबरच्या पहिल्या सोमवारपर्यंत तुला मुदत आहे. तोपर्यंत दुरुस्तीचे पैसे उभे राहिले नाहीत तर तू घेतलेला हॉफरमनचा बटण कारखाना पाडणार आणि तिथे किराणा दुकानाच्या गाड्या उभ्या राहणार. किराणा घ्यायला गाडी लागते का गं? आम्ही पिशवी घेऊन जायचो.

आता आम्ही सात जणी उरलोय. चाळीस वर्षं बटणांसाठी शिंपले कातायच्या यंत्रांपाशी उभं राहून सातही जणींचे कान गेले. त्या खडखडाटात आम्ही ओठांनी आणि बोटांनी बोलायला शिकलो, आणि आज आम्हाला धड बोलता येतं ते एकमेकींशीच. तू तिथे खोल्या केल्यास तर सातही जणी एका जिन्यावर राहू. नाहीतर लिओटाचा मुलगा तिला ॲरिझोनाला नेणार, बाकीच्यांची अशीच पांगापांग होणार, आणि मी जाणार काउंटीच्या वृद्धाश्रमात, कारण माझे गुडघे आता या घराचा जिना चढत नाहीत. तिथले लोक वाईट नाहीत. पण त्यांच्यात मी म्हणजे कोपऱ्यातली खुर्ची.

ती करसवलत मला परत एकदा समजावून सांग. जुनी इमारत दुरुस्त केली की सरकार पैसे देतं, असं मी लिओटाला सांगितलं. ती म्हणाली, "सरकार? आणि पैसे देतं? हिल्ड्रेड, तू ओठ चुकीचे वाचलेस."

तुझी,
हिल्ड्रेड आत्या


शिकागो
१४ मे १९८५

प्रिय आत्या,

फोनवर मीच होते. कान अजून दुखतोय.

लिओटाचं बरोबर आहे. सरकार देत नाही, फक्त घ्यायचं सोडतं. ऐतिहासिक म्हणून मान्य झालेली इमारत त्यांच्या नियमांप्रमाणे दुरुस्त केली की खर्चाच्या चौथ्या हिश्शाइतका कर माफ होतो. पण मला मुळात तेवढा कर लागतच नाही, मग माफ कशातून करणार? म्हणून ज्यांना भरपूर कर लागतो असे लोक गाठायचे. ते आपल्यात भागीदार होतात, माफी ते घेतात आणि आपल्याला कामाला पैसे देतात. ते आले की उरलेलं कर्ज बँक देते. ते नाही आले तर बँकही नाही. मला सापडलेत ते शिकागोचे आठ दंतवैद्य. हसू नकोस. दात कोरून पोट भरत नाही म्हणतात, पण उपटून चांगलंच भरतं.

पहिला कागद मंजूर झाला, म्हणजे कारखाना ऐतिहासिक ठरला. आता दुसरा, कामाचा आराखडा. त्यासाठी राज्याच्या जतन खात्याचे क्वेड म्हणून एक गृहस्थ जूनअखेर बघायला येतील. तोपर्यंत आत कुणालाही पाऊल टाकू देऊ नकोस. खिडक्या, जिना, तुमची ती लाकडी बाकं, एका खिळ्यालाही हात लागता कामा नये.

काल दंतवैद्यांना फोटो दाखवले. त्यांच्यातला मुख्य म्हणतो, "हा तुरुंग होता का?" साठ वर्षांच्या कोळशाच्या धुराने समोरची भिंत काळीठिक्कर पडलीय, त्याला मी काय करू? कुणीतरी त्या भिंतीचं तोंड तरी धुऊन द्या, असं त्या क्षणी वाटलं.

पण हे होणार, आत्या. आई गेल्यावर मला तुम्ही सात जणींनी वाढवलंत. मी आधी हातांनी बोलायला शिकले आणि मग तोंडाने. तुम्हाला वेगवेगळ्या गावांत मुक्या होऊन बसलेलं मला बघवणार नाही.

तुझी,
डार्लिस


पेलहॅम लँडिंग
३ जून १९८५

डार्लिस, डार्लिस, डार्लिस!

बसलेली असशील तर ऊठ आणि उभी असशील तर बस. तुझ्या तुरुंगाचं तोंड आम्ही धुतलं!

तुझं पत्र मी सातही जणींना दाखवलं. लिओटा म्हणाली, पोरीने इतक्या वर्षांत पहिल्यांदा काहीतरी मागितलंय. मग आम्ही चर्चमध्ये शब्द टाकला, आणि शनिवारी अर्धं गाव कामाला आलं. एल्व्हर्न स्टॉल्ट्झने बोटींच्या गोदीतलं त्याचं यंत्र आणलं. मालवाहू बोटींचा गंज काढतात ना, हवेच्या दाबाने वाळू मारून, तेच. काय त्याचा जोर! लोखंडावरचा गंज उडतो तिथे धुराची काय कथा. पुरुषांनी तोंडाला रुमाल बांधले, पाळ्या लावल्या, आणि आम्ही बायकांनी सायीतले बटाटे, डुकराच्या मांसाची वडी आणि रुबार्बच्या आंबट देठांच्या सोळा तऱ्हेच्या गोड पाई केल्या. सोळा तऱ्हेच्या नव्हत्या गं, एकच तऱ्हा होती, पण प्रत्येक बाईला वाटतं आपलीच खरी.

काळं निघालं आणि आतून अशी गुलाबी वीट निघाली की सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मला ऐकू आल्या नाहीत, पण दिसल्या. नळी दुसऱ्या मजल्याच्या खिडक्यांपर्यंतच पोचली, त्यामुळे भिंत आता वरून काळी आणि खालून गुलाबी आहे, गुडघाभर टबात उभं केलेल्या पोरासारखी. येत्या शनिवारी एल्व्हर्न उंच शिडी आणून वरचंही उरकणार आहे. पेपरवाल्याने सगळ्यांचा भिंतीपुढे उभं करून फोटो काढला. मी एल्व्हर्नच्या शेजारी आहे, डोळे मिटलेली.

आणि काळजी करू नकोस. आत कुणालाही जाऊ दिलं नाही. दारात लिओटाला खुर्ची टाकून बसवलं होतं. तुझा शब्द आम्ही अक्षरशः पाळला.

खूप खूप प्रेम,
आत्या


शिकागो
६ जून १९८५

आत्या,

एल्व्हर्नला थांबव. पत्र हातात घेऊन, आत्ताच्या आत्ता त्याच्याकडे जा.

वीट भट्टीत भाजते तेव्हा तिला बाहेरून साल येते, पावाला येते तशी. आतली वीट मऊ असते. वाळूने साल गेली की वीट पाणी पिते, हिवाळ्यात ते पाणी गोठतं आणि वीट फुटते. जुन्या इमारतीवर वाळू मारायची नाही, हे नियमांत अगदी सुरुवातीला आहे. मारली तर सवलत गेली. भिंतीपुरती नाही, सगळ्या इमारतीची. आता दंतवैद्य नाहीत, बँक नाही, खोल्या नाहीत.

एकीलाही, सातांत एकीलाही विचारावंसं वाटलं नाही? मी इथे दोन वर्षं लोकांची मनधरणी करतेय आणि तिथे तुम्ही बटाटे रांधून सगळं एका दिवसात उडवलंत.

डार्लिस


पेलहॅम लँडिंग
११ जून १९८५

प्रिय डार्लिस,

तुझं पत्र शनिवारी सकाळी आलं. मी पोचले तेव्हा एल्व्हर्न शिडी लावत होता. वरचा भाग फोटोसाठी काळाच हवा आहे, असं मी त्याला सांगितलं. खरं सांगायला तोंड उघडत नव्हतं. तो इतका खूश होता.

रविवारी चर्च सुटल्यावर आम्ही सात जणी ताक आणि चुलीतली काजळी कालवून भिंतीला फासायला गेलो. बैल गेला आणि झोपा केला, हे आम्हाला कळत होतं, पण घरी बसवत नव्हतं. वरची काळी भिंत ओली झाली की पाणी ओघळून जातं, आणि आमची ही भिंत ते सगळं घटाघटा पिऊन गेली. एक बादली, दुसरी बादली. हात लावला तर बोटांना लाल पीठ लागलं. तेव्हा मला तुझी ती साल कळली. आता गावातली मांजरं भिंत चाटायला येतात.

लिओटाचं म्हणणं आहे की क्वेडला सांगायचं, हे हॉफरमनच्या काळातच झालंय. सातही जणी तसं सांगू. बहिऱ्या बायकांची उलटतपासणी कोण घेणार? खोटं बोलायची मला सवय नाही, पण तू म्हणालीस तर मी बायबलवर हात ठेवून बोलेन. तुझ्या पत्रात होतं ना, तोंड धुऊन द्या म्हणून. मी तुझ्यावर ढकलत नाही. तू कधी काही मागत नाहीस गं. आम्हाला वाटलं, आता मागितलंय.

दोन ओळी लिही. रागाच्या असल्या तरी चालतील.

आत्या


शिकागो
१७ जून १९८५

प्रिय आत्या,

मागचं पत्र फाडून टाक. असं लिहायला नको होतं. मी नुसतं आतलं, आतलं म्हणत राहिले. बाहेरच्या भिंतीला कुणी प्रेमाने हात लावेल, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

खोटं बोलायचं नाही. तुमचा तो फोटो, डोळे मिटलेली तू धरून, क्वेडच्या टेबलावर आहे. राज्यातले सगळे पेपर त्यांच्या खात्यात येतात. तो पंचवीस तारखेला येतोय आणि मला त्याच दिवशी दंतवैद्यांना थोपवून धरायचं आहे. तू त्याला भेट. जे झालं ते सांग. आणि त्याच्या तोंडाकडे नीट बघ. लोक तोंडाने 'नाही' म्हणतात तेव्हा कधीकधी बाकीच्या चेहऱ्यावर अजून काही शिल्लक असतं. ते तुला वाचता येतं, मला नाही.

तुझी,
डार्लिस


पेलहॅम लँडिंग
२७ जून १९८५

प्रिय डार्लिस,

क्वेड आला होता. मी राक्षसाची वाट बघत होते आणि निघाला टक्कल पडलेला, चौकटीच्या शर्टातला, घाम पुसणारा माणूस. पहिली गोष्ट म्हणजे तो माझ्याकडे तोंड करून, सावकाश बोलला. मी विचारलं, "तुम्हाला कुणी शिकवलं?" तो म्हणाला, "माझी आई कापडगिरणीत होती."

त्याने भिंतीला नुसता अंगठा लावून फिरवला. अंगठ्याकडे बघितलं. मग कितीतरी वेळ माझ्याकडे तोंडच केलं नाही, म्हणून मला समजलं.

"बाई, हे मी मंजूर नाही करू शकत," तो म्हणाला. "इच्छा असली तरी नाही."

"इच्छा आहे?"

"आहे."

मी म्हटलं, "आम्ही सात बायका आहोत. तुमच्या नियमात सात बायका कुठे बसतात?"

"कुठेच नाही," तो म्हणाला. "नियम भिंतीचा आहे." ते मला आवडलं. उगाच गोड बोलला असता तर मी त्याला हाकललं असतं.

वॉशिंग्टनला दाद मागता येते, असं त्याने सांगितलं. आणि गाडीत बसता बसता खिडकीतून म्हणाला, "एका गावात त्यांनी विटा उलट्या केल्या होत्या. विटेच्या पाठीची साल शाबूत असते. जुना चुना मऊ असतो, वीट अख्खी निघते. सिमेंट अजिबात वापरू नका. पण हे मी सांगितलं नाही, आणि याने सवलत मिळेल असंही मी म्हटलेलं नाही."

डार्लिस, त्याने म्हटलं नाही, पण चेहऱ्यावर शिल्लक होतं. मी वाचलं.

आता मला एल्व्हर्नला खरं सांगावं लागणार. एवढ्या विटा माझ्याने उलटणार नाहीत.

आत्या


शिकागो
९ जुलै १९८५

प्रिय आत्या,

दाद मागितली. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात वॉशिंग्टनला सुनावणी आहे. दंतवैद्य त्याच महिन्याच्या अखेरपर्यंत थांबायला कसेबसे तयार झाले. विटांचं पहिलं काम झालं की फोटो पाठव, मी ते सुनावणीत मांडीन.

एल्व्हर्न काय म्हणाला?

डार्लिस


पेलहॅम लँडिंग
२६ ऑगस्ट १९८५

प्रिय डार्लिस,

इतके दिवस पत्र नाही म्हणून रुसू नकोस. फोटो पाठवले ते मिळाले असतील. बोटांना चुना लागून भेगा पडल्यात, पेन धरवत नाही.

एल्व्हर्नला सांगितलं तेव्हा तो उठून गेला. गोदीवर जाऊन नदीकडे तोंड करून बसला. नदीकडे तोंड केलेल्या माणसाशी मी बोलणार कशी? दोन दिवस तो दिसला नाही. तिसऱ्या दिवशी छिन्न्यांची पेटी घेऊन भिंतीपाशी उभा होता. म्हणाला, "हिल्ड्रेड, जन्मभर बोटींवरची घाण खरवडली. मला वाटायचं, कशाचंही वरचं काढलं की खालचं चांगलंच निघतं."

तेव्हापासून रोज गोदी बंद झाली की तो येतो. सांध्यातला चुना कोरायचा, वीट हलवून सैल करायची, दातासारखी ओढून काढायची (तुझ्या दंतवैद्यांना कळव), आणि पाठीची बाजू पुढे करून परत बसवायची. चार-पाचच विटा एका वेळी, नाहीतर वरचं खाली येईल. ज्यांनी वाळू मारली तेच सगळे येतात. कुणी कुणाला दोष देत नाही. एवढंच की आता कुणी पाई करून आणत नाही, नुसत्या डब्यातून पाव आणतात.

आम्ही सात जणी विटा घासून देतो. ओळीत बसतो, मधे पाट्या, आणि हात चालू असताना ओठांनी गप्पा. लिओटा म्हणाली, "कारखाना सुरू झाला बघ." तिचा मुलगा तिला न्यायला आला होता. तिने त्याला सांगितलं, "माझी पाळी संपलेली नाही." तो दोन दिवस राहिला, विटा वाहिल्या आणि एकटाच परत गेला.

उलटलेल्या विटा वरच्या मूळच्या विटांसारख्या काळ्या नाहीत, जरा मातकट आहेत. पण पाणी टाकलं की ओघळून जातं. मी रोज एक तांब्याभर टाकून बघते.

अर्ध्याच्या वर झालं. त्यांना सांग, अर्ध्याच्या वर झालं.

आत्या


शिकागो
१७ सप्टेंबर १९८५
(हे पत्र टाकलं नाही.)

प्रिय आत्या,

वॉशिंग्टनचा निकाल आज हातात पडला. नाही म्हणाले.

अधिकारी भला माणूस होता. तुझे फोटो त्याने तीन वेळा चाळले. पण म्हणाला की दर्शनी भिंतीची साल गेली ती गेली. उलटलेल्या विटांची भिंत चांगली असेल, पण ती मूळची भिंत नाही, आणि सवलत मूळच्या भिंतीला आहे. याच्या पुढे दाद नाही. दंतवैद्यांना फोन केला. मुख्य म्हणाला, "वाईट वाटलं," आणि मला मागे कुणाच्या तरी दाताचं यंत्र फिरताना ऐकू येत होतं. ते सेंट लुईसच्या एका गोदामात पैसे घालताहेत. बँकेने फोनच घेतला नाही.

मी दुसरं काय काय करून बघितलं ते लिहीत नाही. चर्चची मंडळं, राज्याची कर्जं, माझी नोकरी गहाण टाकता आली असती तर तीही. काही उरलेलं नाही. ऑक्टोबरच्या पहिल्या सोमवारी परिषद पाडायच्या बाजूने हात वर करील.

आणि तू तिथे विटेवर पाणी टाकून बघत असशील. मला हे पत्र टाकवत नाही. तू वाचशील, घडी घालशील, आणि उठून एल्व्हर्नला सांगायला जाशील, हे मला दिसतंय. मी तुला सांगू कशी? मला कुठल्याच भाषेत सांगता येत नाही, हातांनीसुद्धा नाही.


शिकागो
१८ सप्टेंबर १९८५

प्रिय आत्या,

निकाल अजून लागला नाही. सरकारी काम, उशीर व्हायचाच. फोटो त्यांना फार आवडले. तुम्ही काम चालू ठेवा. हाताला मलम लाव.

मी जरा गडबडीत आहे, पत्र लहान आहे.

तुझी,
डार्लिस


पेलहॅम लँडिंग
९ ऑक्टोबर १९८५

प्रिय डार्लिस,

तुझं लहान पत्र मिळालं. त्याला उत्तर द्यायला तीन आठवडे लागले, कारण काय लिहावं ते सुचत नव्हतं. आता परवाची बैठक झाली, महापौरांच्या मिशा हलल्या, आणि लपवायला काही उरलं नाही.

तू मालक म्हणून कारखान्याच्या पत्त्यावरही निकाल आला होता. त्या इमारतीचं टपाल पोस्टमन माझ्याकडेच टाकतो, दुसरीकडे कुठे टाकणार? सोळा तारखेला आला. तुझं नाव होतं, तरी मी फोडला. म्हटलं, चांगली बातमी असेल तर तुला आधी मीच कळवीन. तुझं 'अजून लागला नाही' वाचलं तेव्हा तो कागद माझ्या ॲप्रनच्या खिशात होता.

मी रागावले नाही. तुला नव्हतं सांगवत आणि मलाही नव्हतं विचारवत. आपण दोघी एकाच पाळीत काम करत होतो म्हणायचं.

मी इथे कुणालाही सांगितलं नाही. लिओटालाही नाही, आणि तिच्यापासून तोंड लपवायचं म्हणजे काय ते तुला माहीत आहे. तीन आठवडे मी खाली मान घालून विटा घासल्या. एल्व्हर्नला कळलं असतं तर त्याने त्याच संध्याकाळी छिन्नी ठेवली असती, आणि ती सोललेली भिंत तशीच त्याच्या डोळ्यांपुढे राहिली असती, मरेपर्यंत. भिंत पाडली तरी राहिली असती. म्हणून मी त्याला रोज म्हणायचे, आज वॉशिंग्टनहून काही नाही, चल, दुसऱ्या ओळीला हात घाल.

सोमवारी बैठकीत सगळ्यांना कळलं. मी एल्व्हर्नकडे बघायचं टाळत होते. बाहेर आल्यावर त्याने मला दंडाला धरून आपल्याकडे वळवलं आणि विचारलं, "तुला कधीपासून माहीत?" मी सांगितलं. तो चालत गेला. मला वाटलं, संपलं. काल संध्याकाळी गेले तर तो दाराच्या वरचा थर कोरत होता, आणि खाली बाकीचे सगळे होते. बोलले असतील तर माझ्याकडे तोंड करून नाही.

पुढच्या आठवड्यात पाडायचं यंत्र येणार आहे. रविवारी लिओटाचा मुलगा येतोय, या वेळी ती जाणार. दोघी जणी आपापल्या मुलींकडे चालल्या आहेत, एक ओहायोला आणि एक मिनेसोटाला. बाकीच्या तिघींचं अजून ठरायचंय, पण एका गावात कुणीच नाही. माझी वृद्धाश्रमात खोली ठरली. जाऊन बघून आले. माझ्या खोलीतली बाई दिवसभर बोलते आणि खिडकीकडे तोंड करून बोलते. मी परत येताना बसमध्ये रडले, ते तुला लिहितेय कारण दुसऱ्या कुणाला लिहू. मला फार भीती वाटते, डार्लिस. आमच्या सात जणींची भाषा आता माझ्या हातातच मरणार.

दाराच्या वरचा अर्धा थर राहिलाय. शनिवारपर्यंत पुरा होईल. तू म्हणशील, कशासाठी? लिओटाही हेच म्हणाली. मला तिला पटवता आलं नाही आणि तुलाही पटवता येणार नाही. आपल्या हातून बिघडलं, ते आपल्या हातून नीट व्हावं. पाडणाऱ्यांनी निदान धड भिंत पाडावी.

शनिवारी ये. हातमोजे आण, चुन्याने कातडी जाते.

तुझी,
हिल्ड्रेड आत्या